एआयचे शेअर आणि क्रिप्टो : नावे दोन, होडी एकच

आपल्या घरांतील कमावती मुले हल्ली मोबाइलवरूनच गुंतवणूक करतात. थोडे पैसे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या म्हणजे एआयच्या कंपन्यांत, थोडे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोत. ‘पैसे दोन ठिकाणी वाटले आहेत, एक बुडाले तरी दुसरे वाचेल,’ असा त्यांचा हिशेब असतो. आम्हाला हा हिशेबच कच्चा वाटतो.

27 जानेवारी 2025 चा दिवस पाहा. डीपसीक या चिनी कंपनीने कमी खर्चात एआय तयार केल्याच्या बातमीने अमेरिकेच्या बाजारात घबराट पसरली. एआयसाठी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे 17 टक्के कोसळला. कंपनीचे बाजारमूल्य जवळपास 590 अब्ज डॉलरने घटले. या बातमीचा बिटकॉइनशी थेट संबंध नव्हता. तरीही त्याच दिवशी बिटकॉइन एक लाख डॉलरच्या खाली घसरला.

असे का होते? पहिले कारण, दोन्हीकडे पैसा लावणारे बरेचसे तेच आहेत. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत बिटकॉइनच्या ईटीएफना परवानगी मिळाली आणि शेअर घेणाऱ्यांना त्याच खात्यातून बिटकॉइनमध्ये पैसा लावता येऊ लागला. धास्ती बसली की जोखमीचे जे जे हाताशी असेल, ते ते विकले जाते. उसने पैसे घेऊन सौदे करणाऱ्यांना तर विकावेच लागते. दुसरे कारण विजेचे. बिटकॉइनच्या ‘मायनिंग’ला आणि एआयला, दोघांनाही प्रचंड वीज आणि मोठी संगणक केंद्रे लागतात. कोअर सायंटिफिक या मायनिंग कंपनीने 2024 मध्ये आपली केंद्रे एआयच्या कामासाठी कोअरवीव्हला देण्याचे करार केले. कोअरवीव्हची सुरुवातही क्रिप्टो मायनिंगनेच झाली होती.

दोन्ही भाव दर वेळी सोबतच चालतात असे नाही. पण आधाराची खरी गरज असते त्या पडझडीच्या दिवशीच ते एकत्र बुडू शकतात.

शरीअतच्या दृष्टीने मात्र दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. शेअर म्हणजे चालत्या धंद्यातील हिस्सा. धंदा हलाल आहे का, व्याजाचे कर्ज किती, हे तपासता येते. क्रिप्टोबाबत उलेमांत मतभेद आहेत. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2021 मध्ये चलन म्हणून तिचा वापर हराम ठरवला, तर मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीअत सल्लागार मंडळाने 2020 मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला अटींसह मान्यता दिली. मात्र काहीच न समजता केवळ भाव चढेल या आशेने पैसा लावणे कुरआनने निषिद्ध ठरवलेल्या मैसिरच्या, म्हणजे जुगाराच्या, फार जवळ जाते.

आपल्या देशात क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

म्हणून घरात बसून मुलांशी बोला. हजसाठी साठवलेली रक्कम, मुलीच्या शिक्षणाचा पैसा आणि उसनवारीचा पैसा या होडीत ठेवू नका. जाणकार आलिमांना विचारा. अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.