इफ्तारचा डबा, तेलाशिवाय

रमजानमध्ये प्रत्येकाचा रोजा घरच्या दस्तरख्वानावर सुटतो असे नाही. झरी-तलासरीकडून उंबरगाव, वापी, बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, महामार्गावर ट्रक चालवणारे, डहाणू लोकलने कॉलेजातून परतणारे अशा अनेकांना मगरिबची वेळ वाटेतच गाठते. मग हाताशी येतात ती भजी आणि समोसे. तेरा-साडेतेरा तास रिकाम्या असलेल्या पोटात सर्वांत आधी तेल जाते.

एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थ किंवा प्रथिनांतून चार. शिवाय तेलकट अन्न पोटात जास्त वेळ राहते. म्हणून तरावीहच्या नमाजात जडपणा, रात्री जळजळ आणि सहरीला भूकच नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

तळणाचा हा आग्रह धर्माचा नाही, बाजाराचा आहे. पैगंबरसाहेब खजुराने रोजा सोडत, खजूर नसेल तर पाण्याच्या घोटांनी. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही त्यांचीच शिकवण.

कमी तेलाचा स्वयंपाक आपल्या भागाला नवा नाही. वारली घरांतली नागलीची भाकरी आणि आंबील तेलावाचूनच होते. सीमेपलीकडे वलसाडच्या रस्त्यावर हिवाळ्यात मिळणारे उबाडियु, म्हणजे मडक्यात पाल्यासह भाजलेल्या शेंगा नि कंद, त्यातही तेल नसते. मे 1945 मध्ये याच झरीत वारली मजूर एकत्र आले आणि रोजी बारा आणे मजुरी मिळेपर्यंत जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवणार नाही, असे ठरले. तेव्हाच्या कष्टकऱ्याला आधार असायचा तो नागलीसारख्या साध्या धान्याचाच. या धान्यात शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

आता डब्याकडे वळू. प्रमाण एका माणसाचे आहे.

काळ्या चण्यांची चाट : अर्धी वाटी चणे रात्री भिजत घाला. सहरीच्या वेळी मीठ-हळद घालून कुकरमध्ये शिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि गार झाल्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड लावा. कांदा आणि लिंबू वेगळे न्या, खाताना कांदा चिरून घाला, लिंबू पिळा. ओलसर चणे उन्हात लवकर आंबतात, म्हणून निथळण्यात कसूर नको.

मुगाच्या वाफवलेल्या वड्या : ज्या वाटलेल्या डाळीची भजी करतो तीच डाळ घ्या. अर्धी वाटी मुगाची डाळ तीन-चार तास भिजवून आले, हिरवी मिरची, मीठ घालून जाडसर वाटा. मूठभर चिरलेला पालक मिसळून इडलीपात्रात बारा-पंधरा मिनिटे वाफवा. नंतर हवे तर तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी शेका. चव भज्याच्या जवळ जाते, तेल मात्र चमचाभरच.

नागलीची आंबील : दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप पाण्यात कालवून दीड कप उकळत्या पाण्यात सोडा, ढवळत दहा मिनिटे शिजवा. गार झाल्यावर वाटीभर ताक, मीठ, जिरे घाला. ही थर्मासमध्येच न्यावी. थर्मास नसेल तर घरी परतल्यावर प्या.

यासोबत तीन खजूर, पाण्याची बाटली आणि एक चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याला सोडून बाहेरचे महागडे फळ कशाला? कलिंगड घरी खा, कापलेले कलिंगड दिवसभर डब्यात ठेवू नका. मधुमेह असेल तर खजूर-चिकूचे प्रमाण आणि रोजे ठेवण्याबाबतही डॉक्टरांना आधी विचारा. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे भरून काढण्याची सवलत कुराणातच दिली आहे.

हा डबा करण्याचे काम फक्त घरातल्या बाईवर पडू नये. तीही रोजेदार असते, सहरीसाठी सर्वांत आधी उठते तीच. चणे भिजत घालणे, डाळ धुणे, बाटल्या भरणे मुलगे सहज करू शकतात.

आणि मूठभर चणे जास्तच घ्या. गाडीत डबा उघडला की शेजारचा सहप्रवासी रोजेदार असो वा नसो, त्याच्यापुढेही डबा करायचा असतो.