लघु मायक्रोकंट्रोलरवरील संकुचित ध्वनीचे पुनर्निर्माण : दिवाळे येथील मच्छीमारांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना : नवी मुंबईतील बेलापूरलगतचे दिवाळे हे खाडीकाठचे कोळी गाव आहे. समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत धोक्याची सूचना पोहोचावी यासाठी २०१९ मध्ये इन्कॉइस या संस्थेने ‘जेमिनी’ हे उपकरण आणले. उपग्रहाद्वारे आलेला संदेश ते ब्लूटूथने मोबाइलकडे पाठवते. जाळे ओढणाऱ्या माणसाला पडद्याकडे पाहण्याची सवड नसते. हीच सूचना मराठीत बोलून दाखवणारे स्वल्पमूल्य उपकरण करावयाचे झाल्यास त्यातील मायक्रोकंट्रोलर किती समर्थ असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वेगाचा हिशेब : उदाहरणादाखल १६ मेगाहर्ट्झचा, ८ बिटांचा ‘एटीमेगा ३२८’ घेऊ. बोलण्यासाठी सेकंदाला ८,००० ध्वनिनमुने पुरतात. म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे २,००० घड्याळ-आवर्तने उपलब्ध होतात.

स्मृतीची मर्यादा : खरी अडचण वेगाआधी स्मृतीची येते. एमपी३ पद्धतीत ५७६ वारंवारता-गुणक एकत्र उलगडावे लागतात आणि मागील गटाची तितकीच मूल्ये जपून ठेवावी लागतात. प्रत्येकी २ बाइट धरले, तरी एकाच वाहिनीसाठी २,३०४ बाइट होतात. या चिपची कार्यस्मृती मात्र केवळ २,०४८ बाइट आहे.

सोपा पर्याय : आयएमए एडीपीसीएम पद्धतीत आधीच्या नमुन्यावरून पुढील नमुन्याचा अंदाज बांधून केवळ फरक ४ बिटांत साठवला जातो. पुनर्निर्माणासाठी आधीचे मूल्य, ८९ पायऱ्यांच्या कोष्टकातील स्थान आणि बेरीज-वजाबाकी व बिट-सरकवणी एवढेच लागते. गुणाकाराचीही गरज नाही. सेकंदाला ४,००० बाइट या दराने १० सेकंदांच्या १०० सूचना ४० लाख बाइटांत, म्हणजे ४ मेगाबाइटच्या एका फ्लॅश चिपमध्ये मावतात. सूचना आधीच साठवलेल्या असल्याने उपग्रहाकडून केवळ सूचनेचा क्रमांक येणे पुरेसे ठरते.

समारोप : संकोचन जितके अधिक, तितका पुनर्निर्माणाचा भार मोठा. संगीतासाठी एमपी३ हवे असल्यास ३२ बिटांचा, जलद गुणाकार करणारा कॉर्टेक्स-एम४ सारखा मायक्रोकंट्रोलर योग्य ठरेल. परंतु ‘वादळ येत आहे, किनाऱ्याकडे परता’ एवढेच स्पष्ट ऐकवावयाचे असेल, तर सर्वाधिक संकोचनाचा आग्रह सोडून साधी पद्धत स्वीकारणे अधिक श्रेयस्कर होय.