नाममात्र बारा व्होल्ट : अल्पशक्ती हौशी बिनतारी केंद्रासाठी विद्युत्घटांची निवड

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने विद्युत्घटांविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. प्रस्तुत लेखक परवानाधारक हौशी बिनतारी चालक आहे. मोर्स संकेतावलीचा एक चिन्हव्यवस्था म्हणून अभ्यास करीत असता हा छंद जडला. आणि बोलीसंशोधनाच्या निमित्ताने पैठण तालुक्यातील पाचोड येथे जाणे-येणे सुरू झाल्यावर बिनतारी संचही ध्वनिमुद्रकाशेजारी पिशवीत जाऊन बसला. दोहोंची अडचण एकच होती : वीज बरोबर न्यावी लागते.

पाचोड हे सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गाव. शहरातील विजेची उपकरणे ग्राहकयंत्रात जो अखंड खरखराट उत्पन्न करतात, तो येथील शिवारात पुष्कळ कमी असतो. त्यातही वीजपुरवठा बंद झाला म्हणजे दूरचे क्षीण संकेत इतके स्पष्ट उमटतात, की भारनियमनाला दुवा देणारा मनुष्य पंचक्रोशीत आमच्यावाचून दुसरा नसावा. अर्थात अशा वेळी सारी भिस्त बॅटरीवर. (या परिसरात नुसते ‘बॅटरी’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम हातातील विजेरी येते, आणि तिच्या आत असतात ते ‘सेल’. दुकानात मागणी करताना हा अर्थभेद ध्यानात ठेवावा. आमच्या हातात एकदा विजेरी आलेली आहे.)

अल्पशक्ती केंद्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मोर्स संकेतांसाठी ५ वॅट व वाणीसाठी १० वॅट, ही प्रक्षेपणशक्तीची मर्यादा हौशी चालकांत संकेताने रूढ आहे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार झाडांवर ताणली, की एवढ्या शक्तीत शेकडो किलोमीटरांवर संदेश पोचू शकतो.

आता जो प्रसंग या लेखास कारण झाला तो सांगतो. दोन विद्यार्थ्यांसह आम्ही पाचोडच्या बाहेर एका लिंबाखाली संच मांडला होता. बरोबर शिसे-आम्लाची बंद बॅटरी होती. तिच्यावर ‘१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास’ असे ठळक छापलेले. मापकाने दाब पाहिला तो १२.६ व्होल्ट. म्हणजे छापील अर्थ व प्रत्यक्ष मापन दोन्ही जुळत होती. अर्ध्या तासाने समोरच्या चालकाने कळविले, की तुमचा स्वर डळमळतो आहे. कळ दाबताच दाब ११ व्होल्टांखाली जात होता, सोडताच पूर्वपदावर येत होता. आणखी काही मिनिटांत संच बंद पडला आणि निरोप अर्धाच राहिला. दोष आमचाच होता. ही बॅटरी सहा महिने भारित न करता फळीवर ठेवलेली होती. अशा स्थितीत तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात व तिचा आंतररोध वाढतो.

भाषेच्या अभ्यासकास यात अपरिचित असे काही नाही. कोशात दिलेला शब्दार्थ आणि वाक्यात घडणारा अर्थ यांत जे अंतर असते, तेच येथे रिकाम्या दाबात व भाराखालील दाबात आहे. बॅटरीवरील व्होल्टांचा आकडा नाममात्र असतो. तो एक संकेत आहे, मापन नव्हे. बहुतेक संचांची रचना १३.८ व्होल्ट गृहीत धरून केलेली असते, कारण इंजिन चालू असता मोटारीतील दाब त्याच्या आसपास असतो. शिसे-आम्लाची ‘बारा व्होल्टांची’ बॅटरी पूर्ण भारित असता विश्रांत स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट देते व तेथून हळूहळू उतरत जाते. लिथियम-आयनचे तीन घट जोडले तर नाममात्र दाब ११.१, प्रत्यक्षात १२.६ पासून ९ पर्यंत घसरण. चार जोडावे तर पूर्ण भारित दाब १६.८ होतो, आणि तो अनेक संचांना सोसत नाही. विजेरीतील अल्कधर्मी सेल आठ जोडले तर कागदोपत्री १२ व्होल्ट होतात. परंतु प्रत्येकाचा आंतररोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअर प्रवाह घेताना ३.२ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात.

अँपिअर-तासांचा आकडाही असाच सापेक्ष. शिसे-आम्लाच्या लहान बॅटरीची धारिता सामान्यतः २० तासांच्या मंद विसर्जनावर सांगतात. म्हणजे ७ अँपिअर-तास हे ०.३५ अँपिअरला खरे. प्रवाह वाढला की धारिता घटते, हे पॉयकर्ट याने १८९७ मध्ये दाखविले. शिवाय ही बॅटरी दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल, तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये.

म्हणून निवडीचा आरंभ दुकानापासून न करता आपल्या वापरापासून करावा. समजा, संच ग्रहण करताना ०.४ अँपिअर व प्रक्षेपणात २ अँपिअर घेतो. चार तासांपैकी एक तास आपण बोलतो. मोर्समध्ये कळ जवळपास निम्मा वेळच दाबलेली असते, तेव्हा त्या तासाची सरासरी १.२ अँपिअर, उरलेल्या तीन तासांचे १.२ अँपिअर-तास. एकूण २.४, आणि राखीव धरून ३. ऐकण्याचा खर्च बोलण्याइतकाच निघाला, याचे विद्यार्थ्यांना मोठे नवल वाटले. ग्रहणात कमी प्रवाह घेणारा संच घेतला, तर लहान बॅटरीवर भागते ते यामुळेच.

या हिशेबास आमच्या मते लिथियम-लोह-फॉस्फेटचे चार घट सर्वाधिक योग्य. हे धनाग्रद्रव्य पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी १९९७ मध्ये पुढे मांडले. चार घटांचा नाममात्र दाब १२.८, आणि मुख्य गुण असा, की विसर्जनाच्या बहुतांश काळात तो १३ व्होल्टांच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. ६ अँपिअर-तासांची अशी बॅटरी पाऊण किलोच्या आसपास भरते; आमची जुनी दोन किलोंहून जड होती. फॉस्फेटातील प्राणवायू घट्ट बांधलेला असल्याने ती पेट घेण्याचा धोकाही इतर लिथियम घटांहून कमी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४० अंशांवर जाते, तेथे हा विचार दुय्यम नव्हे. तरीही बंद मोटारीत ती ठेवू नयेच.

तिचे दोषही आहेत. दाब सपाट राहतो म्हणून किती वीज उरली हे दाबावरून कळत नाही, आणि शेवटी ती एकाएकी संपते. यास्तव खर्चिलेले अँपिअर-तास मोजणारा लहान मापक जोडावा. शिसे-आम्लाचा जुना भारक तिला वापरू नये; १४.६ व्होल्टांवर थांबणारा स्वतंत्र भारक घ्यावा. दाब वाढविणारी-घटविणारी स्वस्त साधने मध्ये घालू नयेत, कारण ती स्वतःच खरखराट निर्माण करतात आणि पाचोडपर्यंत जाण्याचा हेतूच फसतो. धनाग्राजवळ वितळतार अवश्य असावी.

हा केवळ छंदाचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनाचे काम केले. अशा ठिकाणी भिंतीतील वीज गृहीत धरता येत नाही, आणि अर्धा राहिलेला निरोप लिंबाखालच्या निरोपाइतका निरुपद्रवी नसतो.

नवी बॅटरी घेऊन आम्ही त्याच लिंबाखाली पुन्हा चार तास बसलो. कळ दाबून धरली असता दाब १३ व्होल्टांखाली गेला नाही. मापकावर २.६ अँपिअर-तास खर्च दिसला. दोन दशांश आमच्या हिशेबाहून अधिक. एक विद्यार्थी मोर्स फार सावकाश पाठवितो, आणि त्या दिवशी कळ बहुतेक त्याच्याच हाती होती.