औषधाची परीक्षा : औषधिक्रियाविज्ञानाचे अध्ययन व त्यातून लाभणारे व्यवसाय

वाराणसीतील अहिल्याबाई घाटाचे नाव मराठी वाचकास परके नाही. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी गंगेच्या पश्चिम तीरावर हा घाट बांधविला. या नगरीशी महाराष्ट्राचे जे नाते जडले, त्यात तीर्थयात्रेइतकाच विद्याध्ययनाचाही वाटा आहे. व्याकरण, न्याय व वैद्यक शिकण्यासाठी दक्षिणेतून काशीस जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. या घाटावरून प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे दक्षिणेस गेले असता, अस्सी घाटाच्या पुढे काशी हिंदू विश्वविद्यालय लागते. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नाने १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विश्वविद्यालयातच, १९३२ मध्ये, महादेवलाल श्रॉफ यांनी भारतातील औषधविद्येच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला. १९३७ पासून तेथे बी.फार्म. ही पदवी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाने देण्यात येऊ लागली.

औषधविद्येच्या अनेक शाखांपैकी औषधिक्रियाविज्ञान, अर्थात फार्माकॉलॉजी, ही शाखा विद्यार्थ्यांस सर्वांत कमी परिचित असते. औषध तयार कसे करावे, हे औषधनिर्माणशास्त्र सांगते. रोग्यास ते केव्हा द्यावे, हे चिकित्सक ठरवितो. परंतु शरीरात गेलेले औषध कोठे जाते, तेथे काय करते, किती मात्रेत गुण देते व किती मात्रेत अपाय करते, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे औषधिक्रियाविज्ञानाचे कार्य होय. ‘औषध लागू पडते’ एवढ्या उत्तराने या शास्त्राचे समाधान होत नाही.

सर्पगंधेचे उदाहरण

ही विचारपद्धती भारतातीलच एका वनस्पतीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची प्रथा बिहार व उत्तर प्रदेश या भागांत पूर्वीपासून होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी, ही मुळी उन्मादाप्रमाणेच वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी काढली, आणि कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी तिच्या क्रियेचा प्रयोगशाळेत अभ्यास केला.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल मुंबईत पडले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा पद्धतशीर वापर करून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातील रेसर्पीन हे प्रमुख द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

तथापि कथा येथे संपत नाही. रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषण्णता आढळू लागली, विशेषतः मात्रा मोठी असताना. पुढे रक्तदाबावर दिवसाकाठी पाव मिलिग्रॅमहून अधिक मात्रा सहसा देऊ नये असे ठरले, आणि अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. हे औषध चेतातंतूंच्या टोकांतील डोपामीन, नॉरॲड्रेनॅलीन इत्यादी द्रव्यांचा साठा रिकामा करते, असे संशोधनात दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन निश्चल केलेल्या सशांना लेव्होडोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरील आजच्या उपचाराचा मार्ग या शोधातून उघडला, व २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जे औषध अपायामुळे मागे पडले, त्याच्या अपायाचे कारण शोधताना मेंदूचे ज्ञान वाढले, ही गोष्ट विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अध्ययनाचे स्वरूप

या विषयाचे दोन भाग पडतात. औषध शरीरावर काय करते, हा पहिला. आणि शरीर औषधाचे काय करते, हा दुसरा. पहिल्या भागात मात्रा व परिणाम यांचा संबंध आलेखाने मांडतात, आणि गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर मोजतात. हे अंतर जितके थोडे, तितके औषध जपून द्यावे लागते.

दुसऱ्या भागात शोषण, वितरण, रूपांतर व उत्सर्जन यांचा विचार येतो. एखाद्या औषधाचे रक्तातील प्रमाण दर सहा तासांनी निम्मे होते असे समजू. बारा तासांनी ते चतुर्थांश उरेल आणि चोवीस तासांनी सोळावा हिस्सा. दिवसातून किती वेळा औषध घ्यावे, हे चिकित्सक अशा गणितावरून ठरवितो. मूत्रपिंड किंवा यकृत दुर्बल झालेल्या रुग्णात हेच गणित बदलते, आणि नेहमीची मात्राही विषासमान ठरू शकते. म्हणून या विषयास शरीरक्रियाविज्ञान व जीवरसायनशास्त्र यांच्याबरोबर संख्याशास्त्राचीही जोड लागते. पूर्वी पदवीच्या वर्गांत जिवंत प्राण्यांवर प्रयोग दाखवीत. आता बहुतेक ठिकाणी त्यांची जागा संगणकावरील प्रतिकृतींनी घेतली आहे.

प्रवेशाची द्वारे

या शास्त्राकडे जाण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि कोणत्या मार्गाने गेलो यावर पुढील अधिकार अवलंबून असतो. हे आरंभीच नीट न समजल्यास कित्येक वर्षे वाया जाण्याचा संभव असतो.

पहिला मार्ग औषधनिर्माणशास्त्राचा. बारावी विज्ञान शाखेनंतर चार वर्षांची बी.फार्म. पदवी, तदनंतर जीपॅट परीक्षा देऊन औषधिक्रियाविज्ञान घेऊन दोन वर्षांची एम.फार्म., व पुढे पीएच.डी. असा हा क्रम आहे. सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम रुग्णालयातील औषधयोजनेशी निगडित आहे. श्रॉफ यांनी काशीत रुजविलेली परंपरा २०१२ पासून तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औषधनिर्माण अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विभागात चालू आहे. तेथील बी.टेक. अभ्यासक्रमास मात्र अभियांत्रिकीची संयुक्त प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

दुसरा मार्ग वैद्यकाचा. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांत या विषयातील एम.डी. होता येते, व त्यापुढे चिकित्सालयीन औषधिक्रियाविज्ञानात डी.एम. पदवी मिळविता येते. रुग्णास औषध लिहून देण्याचा डॉक्टराचा अधिकार या मार्गाने जाणाऱ्यास असतो, एम.फार्म. झालेल्यास तो नसतो.

तिसरा मार्ग शुद्ध विज्ञानाचा, म्हणजे जीवशास्त्र वा रसायनशास्त्राची पदवी घेऊन संशोधनाकडे वळण्याचा. यांखेरीज आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांस द्रव्यगुणविज्ञान हा निकटचा विषय आहे. काशीच्या आयुर्वेद महाविद्यालयात भास्कर गोविंद घाणेकर यांच्यासारख्या मराठी विद्वानाने अध्यापन केले, आणि सुश्रुतसंहितेवर हिंदीत टीका लिहून आधुनिक व प्राचीन वैद्यकाची सांगड घालण्याचा यत्न केला. आज त्याच परिसरातील वैद्यकविज्ञान संस्थेत आयुर्वेद व आधुनिक वैद्यक यांचे अध्यापन शेजारी शेजारी चालते.

व्यवसायाची क्षेत्रे

अध्यापन हे पहिले क्षेत्र. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभाग असावा लागतो, त्यामुळे प्राध्यापकांची गरज स्थिर असते. दुसरे क्षेत्र संशोधनाचे; १९५१ मध्ये स्थापन झालेली लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था हे त्याचे प्रमुख केंद्र आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, अहमदाबाद येथील औषध कंपन्यांतही नवीन द्रव्यांची सुरक्षितता तपासणे, रुग्णचाचण्यांची आखणी करणे व त्यांचे निष्कर्ष पडताळणे यांसाठी तज्ज्ञ लागतात. एक औषध प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि बहुसंख्य द्रव्ये वाटेतच बाद होतात. ज्यास त्वरित यशाची हौस आहे, त्याने हे आधीच जाणून घ्यावे.

तिसरे क्षेत्र शासकीय नियंत्रणाचे. १९४० च्या औषधविषयक कायद्यानुसार औषध निरीक्षकांच्या नेमणुका होतात. त्यांस औषधनिर्माणशास्त्राची पदवी किंवा विहित विषयातील वैद्यकीय अर्हता लागते. चौथे क्षेत्र तुलनेने नवे आहे. बाजारात आलेल्या औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील देखरेख केंद्रे तेथे माहिती पाठवितात, आणि हे काम पुष्कळदा औषधिक्रियाविज्ञानाच्या विभागाकडेच असते.

रेसर्पीनचा अपाय ध्यानात आला, तो कोणा चिकित्सकाने आपल्या रुग्णाची विषण्णता औषधाशी जोडून पाहिली म्हणून. अशी नोंद करणारा, ती पडताळणारा आणि तिचे कारण शोधणारा, असे तिघेही या शास्त्राचे उपासक होत. रुग्णशय्येजवळ उभे राहून मिळणारे यश व कृतज्ञता त्यांच्या वाट्यास क्वचितच येते, एम.डी. झालेल्यांपैकीही पुष्कळांचा रुग्णाशी थेट संबंध उरत नाही. परंतु रोगी निःशंकपणे जी गोळी गिळतो, तिच्यामागे या लोकांनी पूर्वी घेतलेल्या शंका असतात. ज्या विद्यार्थ्यास शंका घेण्याचा कंटाळा नाही व मोजमापाची आवड आहे, त्याने हा विषय अवश्य निवडावा.