सुई नाही, कापूस

जुन्नरकरांना एक गोष्ट पटकन समजेल. २००१ पासून तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले घटायच्या ऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनातून हे पुढे आलं. हुसकावलं की धोका टळत नाही. व्यसनाच्या बाबतीत ‘हार्म रिडक्शन’, म्हणजे हानी कमी करणं, हेच सांगतं.

पण हानी नेमकी कुठे होते, हे जवळून पाहावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ फिलिप बुर्ग्वा १९९४ पासून सुमारे बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर, पुलाखाली राहणाऱ्या हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये वावरले. सोबत छायाचित्रकार जेफ शॉनबर्ग. प्रश्नावली भरून घेतली असती तर ‘सुई वाटून घेत नाही’ एवढंच उत्तर मिळालं असतं. पण जवळ बसल्यावर दिसलं, की पैसे जमवून एकत्र आणलेलं हेरॉइन एकाच झाकणात विरघळवतात आणि एकाच कापसातून गाळून घेतात. संसर्गाची वाट तिथेही होती! आज तुझ्याकडे नाही, तर माझ्यातलं घे. उद्या तू दे. रस्त्यावर तगून राहण्याची ही रीतच. ‘वाटून घेऊ नका’ म्हणणाऱ्या पत्रकाला ती कुठून कळणार? मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे मुंबईत ‘संकल्प’ ही संस्था १९९५ पासून रस्त्यावरच्या व्यसनी माणसांसाठी काम करते. स्वच्छ सुया, जखमांची मलमपट्टी, आणि हेरॉइनऐवजी देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ‘आधी सोड, मग ये’ ही अट नाही.