पायवाट कोणाच्या खात्यात?

अंजनवेलला गोपाळगडाकडे जायची वाट विचारली, तर समोरचा माणूस आधी आपल्यालाच विचारतो, "गाडी आहे, की चालत?" गाडी असेल तर उत्तर एका वाक्यात संपते. चालत म्हटले की ते लांबते: या परड्यामागून, पाखाडीने वर, मग गडग्यातले बेडे ओलांडून सड्यावर.

गेल्या मार्गशीर्षात मी चालत निघालो. आईचे माहेर याच गावचे, वाट तिनेच सांगितलेली. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या झिजल्या होत्या, पण शाबूत होत्या. अर्ध्या चढावर मात्र बेड्याच्या जागी तारेचे कुंपण आले होते. मागे फिरलो आणि डांबरी रस्त्याने, गाड्यांना बाजू देत वर पोहोचलो. कुंपण घालणाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या कागदावर कदाचित वाट नसेलही. मग ती कुणाच्या कागदावर आहे, हे शोधू लागलो.

कायदा वाटेला अनोळखी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. कलम १४३ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम तर १९०६ चा. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण ही दोन्ही कलमे नीट वाचली, तर त्यांत माणूस एकच दिसतो: शेतात जाणारा. समुद्र बघायला, किल्ल्यावर जायला किंवा केवळ पाय मोकळे करायला निघालेला माणूस त्यांत नाही.

योजनांचेही तसेच. २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीच्या जोडीने राबवायची आहे. ती चांगलीच आहे. पावसाळ्यात चिखलातून डोक्यावर माल वाहून नेणाऱ्याला तिचे मोल विचारा. पण तिचे मोजमाप ट्रॅक्टरचे आहे. 'क' वर्ग पर्यटनस्थळाच्या निधीतून जोडरस्ता, वाहनतळ, स्वच्छतागृह होते. २०२१ चेच साहसी पर्यटन धोरण गिर्यारोहणासारखे उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी आणि सुरक्षितता पाहते. ज्या वाटेवरून चालायचे त्या वाटेची जबाबदारी ते कोणावर टाकत नाही. थोडक्यात, शेतरस्त्याला खाते आहे, पर्यटकाला खाते आहे, पायवाटेला नाही.

ज्या किल्ल्याकडे मी निघालो होतो, त्यानेही हेच भोगले आहे. वाशिष्ठीच्या मुखावर पहारा देणारा हा किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी १७४५ च्या सुमारास घेतला आणि त्याला गोपाळगड नाव दिले. पुढे तो पेशव्यांकडे गेला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे. स्वातंत्र्यानंतर तटाच्या आतली जमीन खासगी मालकीत गेली आणि तिथे आमराई उभी राहिली. किल्ला राज्य संरक्षित स्मारक व्हावा म्हणून दुर्गप्रेमींना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. एवढ्या मोठ्या तटाबुरुजांची ही कथा, तर दोन हात रुंदीच्या पाखाडीची काय!

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न जमीनदारांच्या शिकारीच्या माळांवरून पेटला. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर मँचेस्टर भागातले कामगार बंदी मोडून चालत गेले; काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. त्या नकाशावर वाट असणे हाच हक्काचा पुरावा. शेत मालकाचेच राहते, चालण्याचा हक्क सर्वांचा. पेनाइन वे ही सव्वाचारशे किलोमीटरहून लांब वाट १९६५ मध्ये खुली झाली. म्हणजे आधी नोंद, मग पाटी, मग पर्यटक. आपल्याकडे क्रम उलटा: आधी पर्यटक, मग त्याच्या गाडीसाठी रस्ता, आणि रस्त्याखाली पाखाडी.

आपल्याला मात्र नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. जुन्या गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. पावसाळी गवत कापून झाले की तो हातात घेऊन जाणत्या माणसांबरोबर गाव चालून काढावे. जी वाट नकाशावर आहे आणि जी फक्त वहिवाटीत आहे, त्यांच्या दोन याद्या कराव्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये रस्त्यांची नोंद ठेवतात; पहिल्या यादीतल्या पायवाटा त्यात याव्यात, म्हणून ग्रामसभेने ठराव करावा. दुसऱ्या यादीसाठी जमीनमालकांशी ओटीवर बसून बोलावे. कुंपण राहू दे, त्यात पूर्वीसारखे बेडे ठेवा, एवढेच मागणे. गुरे आत येत नाहीत आणि माणूस अडत नाही, ही युक्ती आपल्याच पूर्वजांची आहे.

शासनाकडे मागायचे ते यानंतर: ढासळलेले चिरे बसवायला, पऱ्ह्यावर साकव घालायला आणि दिशा दाखवणाऱ्या पाटीला पैसे. पाखाडीवर काँक्रीट ओतायला नव्हे.

आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. वाट बंद झाल्याचे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "बंद कशी होईल? आम्ही तिथून पाणी आणायचो." तिच्याकडचा हा पुरावा कुठल्याही नमुन्यात नाही. तो लिहून घ्यायला फार दिवस उरलेले नाहीत.