जंताच्या घरचा बिऱ्हाडकरू

हत्तीपाय हा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा जुना रोग. पाय सुजला की मजुराची रोजी बुडते. गटारातला क्युलेक्स डास रात्री रक्तासोबत जंताची पिले उचलतो व पुढे दुसऱ्याच्या अंगी घालतो. पण या जंताच्या अंगातही बिऱ्हाडकरू असतो : वोल्बाकिया जीवाणू. १९२४ साली हर्टिग व वोल्बाक यांना डासात आढळलेल्या जीवाणूचा हा भाऊबंद. त्याच्यावाचून मादीला पिले होत नाहीत! डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लीन काही आठवडे घेतले की जीवाणू मरतो, मादी वांझ होते. मालकाला नमवायचे तर आधी काम थांबवावे, हे आम्हा युनियनवाल्यांना शिकवायला नको. सरकारी मोहिमेतल्या वार्षिक गोळ्या निराळ्या. त्या रक्तातली पिले मारतात. आमचे धडधाकट गडी त्या खिशात घालतात. डास मात्र सूज नसलेल्यांच्याही रक्तातून पिले नेतो.